मजुराचा जीव आणि डोंगरावरचा दिवा : जोसेफ बेनेडिक्ट चिफ्ली यांच्या जीवनाचा अभ्यास

शास्त्रवाचन : अनुवाद २४:१४-१५, मत्तय ५:१३-१६, मत्तय २०:१-१६, याकोब ५:१-६



अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराविषयी जी आज्ञा आहे, तिच्यातील एक शब्दप्रयोग भाषांतर करणाऱ्यास हमखास थांबवतो. मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, असे तेथे सांगितले आहे. त्याचे कारण देताना मूळ इब्री वचनात मजूर आपला 'नेफेश' त्या मजुरीकडे उचलतो, अशी शब्दरचना आहे. 'नेफेश' म्हणजे श्वास, प्राण, जीव. पुष्कळ भाषांतरांत येथे 'आशा' हा अर्थ घेतला जातो व तो योग्यच आहे; तथापि आपल्या मराठीत 'जीव अडकणे' हा जो वाक्प्रचार आहे, तो मूळ भावाच्या अधिक जवळ जातो. मजुराचा जीव त्याच्या दिवसाच्या मजुरीत अडकलेला असतो. म्हणून मजुरी अडवून ठेवणारा केवळ पैसा अडवत नाही, तर तो एका मनुष्याचा जीव आपल्या मुठीत धरतो.

याच आज्ञेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. हा मजूर तुझ्या भाऊबंदांपैकी असो अथवा तुझ्या देशात राहणारा परदेशीय असो, दोघांनाही एकच न्याय लागू आहे. हे दोन मुद्दे आपण ध्यानात ठेवू या, कारण ज्या मनुष्याच्या जीवनाचा आज आपल्याला अभ्यास करायचा आहे, त्याला पहिला मुद्दा पुरता उमगला होता. दुसऱ्या मुद्द्यापाशी मात्र त्याचे पाऊल अडखळले. हा मनुष्य म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जोसेफ बेनेडिक्ट चिफ्ली. ते रेल्वे इंजिनचालक होते, कामगार संघटनेचे कार्यकर्ते होते, मजूर पक्षाचे पुढारी होते आणि कॅथोलिक होते.

१. गवताच्या गादीपासून इंजिनापर्यंत

चिफ्ली यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतातील बॅथर्स्ट या गावी झाला. वडील लोहारकाम करीत. घराणे मूळचे आयरिश. पाच वर्षांच्या वयात त्यांना गावापासून दूर, लाइमकिल्न्स येथे आजोबांच्या शेतावर पाठवण्यात आले. कुडाच्या भिंतींचे, मातीने लिंपलेले ते घर. झोपायला कडब्याने भरलेल्या पोत्याची गादी. शाळा आठवड्यातून काही दिवस. १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अनेक बँकांनी आपली दारे बंद केली, तेव्हा आजोबांनी कष्टाने साठवलेली पुंजीही गेली. लहान मुलाच्या मनावर याचा जो ठसा उमटला, तो पुढे पन्नास वर्षे टिकला.

आजोबांच्या मृत्यूनंतर ते बॅथर्स्टला परतले व पॅट्रिशियन बंधूंच्या शाळेत सुमारे दोन वर्षे शिकले. एवढेच त्यांचे शालेय शिक्षण. दुकानात व कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम केल्यावर १९०३ मध्ये ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागले. इंजिने पुसणे, मग बॉयलरमध्ये कोळसा टाकणे, आणि १९१४ मध्ये पहिल्या श्रेणीचा इंजिनचालक, अशा पायऱ्या ते चढत गेले. रात्रीच्या वर्गांना जाऊन त्यांनी आपले शिक्षण चालू ठेवले. अर्थशास्त्रापासून अभिजात साहित्यापर्यंत हाती येईल ते वाचले. आपल्या वाचकांपैकी जे इगतपुरी, भुसावळ अथवा खडगपूरच्या रेल्वे वसाहतीत वाढले असतील, त्यांना लोको शेडमधील ही चढण किती लांब असते हे सांगावयास नको.

२. विवाह आणि त्याचे मोल

६ जून १९१४ रोजी त्यांनी एलिझाबेथ मॅकेन्झी यांच्याशी विवाह केला. त्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या होत्या, आणि हा विवाह सिडनीतील प्रेस्बिटेरियन मंदिरात झाला. त्या काळच्या नियमाप्रमाणे कॅथोलिक धर्मगुरूसमोर न झालेला विवाह कॅथोलिक व्यक्तीच्या बाबतीत ग्राह्य धरला जात नसे; १९०८ पासून हा नियम अधिक कठोर झाला होता. आपण काय करीत आहोत याची चिफ्ली यांना पूर्ण जाणीव होती. ते जन्मभर मिस्सेला जात राहिले, परंतु मागील बाकावर बसत आणि ख्रिस्तप्रसाद घेत नसत.

मिश्र विवाहाविषयी आपापल्या मंडळीची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. तिचा वाद येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी पत्नीवर तिचा पंथ सोडण्याची सक्ती केली नाही, आणि स्वतःची मंडळीही सोडली नाही. निर्णयाचे ओझे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि सदतीस वर्षे, कटुतेचा शब्द न काढता, ते वाहिले. मंडळीच्या मागच्या बाकावर बसणारी माणसे आपल्याही गावात असतात. त्यांच्या विश्वासाचे माप आपण किती घाईने घेतो, याचा येथे विचार व्हावा.

३. १९१७ चा संप

पहिले महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९१७ मध्ये, न्यू साउथ वेल्सच्या रेल्वे व ट्राम कारखान्यांत एक नवी पद्धत आणण्यात आली. प्रत्येक कामगाराने कोणत्या कामास किती वेळ घेतला याची नोंद कार्डावर होऊ लागली, आणि ही नोंद कामगाराला पाहता येत नाही, उलट तिचा उपयोग त्याच्याविरुद्ध होईल, अशी भीती पसरली. २ ऑगस्टला सुरू झालेला संप रेल्वे, गोदी व खाणी यांत पसरला. बॅथर्स्टमध्ये चिफ्ली संपात उतरले. सुमारे सहा आठवड्यांनी संप मोडला. सरकारने संपकऱ्यांना क्षमा केली नाही. चिफ्ली यांना बडतर्फ करण्यात आले. पुन्हा कामावर घेतले तेव्हा त्यांना खालच्या जागेवर ठेवले गेले, आणि वर्षानुवर्षांची ज्येष्ठता गेली. ज्यांना त्यांनी काम शिकवले होते, त्यांच्या हाताखाली काम करण्याची पाळी आली.

पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी संसदेत सांगितले की, त्या वेळी संपकऱ्यांना थोडी सहिष्णुता दाखवली असती तर आपण कधी संसदेत आलोच नसतो. त्या कठोर वागणुकीनेच एका साध्या इंजिनचालकाला देशाचा पंतप्रधान केले. या बोलण्यात विनोद आहे, तसाच सत्ताधाऱ्यांना इशाराही आहे. १ राजे १२ मध्ये लोक रहबामाकडे जड जू हलके करण्याची विनंती घेऊन आले होते. वृद्धांनी त्यास सौम्य उत्तर देण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही, आणि राज्य दुभंगले.

हा अपमान गिळून चिफ्ली संघटनेच्या कामास लागले. १९२० मध्ये इंजिनचालकांच्या देशव्यापी संघटनेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि लवाद न्यायालयापुढे कामगारांची बाजू मांडण्याचे काम केले. आकडे, नियम, दाखले यांवर त्यांचा भर असे. आरडाओरडा त्यांना जमत नसे. त्यांचा आवाजही घोगरा व खरखरीत होता.

येथे पार्श्वभूमीचा एक शब्द आवश्यक आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक प्रसृत केले. कामगाराला कुटुंबासह सभ्यपणे जगता येईल असे वेतन मिळावे व संघटना स्थापन करण्याचा त्यास हक्क असावा, असे त्यात प्रतिपादन होते. सिडनीचे कार्डिनल पॅट्रिक मोरान यांनी त्याच सुमारास या विचारांचा पुरस्कार केला. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील आयरिश कॅथोलिक कष्टकऱ्याला मंडळी आणि मजूर पक्ष यांपैकी एकाची निवड करावी लागली नाही. युरोपातील अनेक देशांत कामगार मंडळीपासून दुरावले. येथे तसे घडले नाही, याचे हे एक मोठे कारण होय.

४. कोणी कामाला लावले नाही म्हणून

१९२८ मध्ये चिफ्ली मॅक्वारी मतदारसंघातून संसदेत निवडून आले. १९३१ मध्ये जेम्स स्कलिन यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी संरक्षण खाते सांभाळले. परंतु तो महामंदीचा काळ होता. सरकारने खर्चकपातीचा मार्ग स्वीकारला, पक्ष फुटला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातील निवडणुकीत चिफ्ली यांची जागाही गेली. बेकारांच्या रांगा त्यांनी आपल्याच गावात पाहिल्या. पुढे सरकारने नेमलेल्या बँकव्यवहारविषयक राजकीय आयोगाचे ते सभासद झाले. १९३७ च्या अहवालास त्यांनी आपले स्वतंत्र मत जोडले. खासगी बँकांची मूळ प्रेरणा नफा ही असल्यामुळे त्या राष्ट्राच्या मालकीच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. लाइमकिल्न्सच्या आजोबांची बुडालेली पुंजी येथे बोलत होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९४० मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये जॉन कर्टिन यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. १९४२ च्या अखेरीस युद्धोत्तर पुनर्रचनेचे खातेही त्यांच्याकडे आले. युद्धात ज्या राष्ट्राला प्रत्येक हाताला काम देता येते, त्याला ते शांततेतही देता आले पाहिजे, हा त्या पुनर्रचनेचा पाया होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेली पूर्ण रोजगाराविषयीची श्वेतपत्रिका याच विचारातून निघाली.

वाचकहो, मत्तय २० मधील द्राक्षमळ्याचा दाखला आपण बहुधा देवाच्या कृपेविषयी वाचतो, आणि तो तसाच वाचावा. तरीही त्यातील एक उत्तर लक्षपूर्वक पाहा. दिवस मावळतीला लागला असता बाजारात उभे असलेल्या माणसांना धनी विचारतो, तुम्ही रिकामे का? ती आळशी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना कोणी कामाला लावले नाही म्हणून ती रिकामी आहेत. धनी ते उत्तर खरे मानतो; त्यांची उलटतपासणी करीत नाही. बेकारी हा मनुष्याचा दोष की व्यवस्थेचा, हा वाद त्या काळी तीव्र होता, आणि चिफ्ली यांनी आपले उत्तर महामंदीच्या वर्षांत शोधले होते.

जुलै १९४५ मध्ये कर्टिन यांचे निधन झाले व १३ जुलै रोजी चिफ्ली पंतप्रधान झाले. पंतप्रधानांच्या सरकारी निवासस्थानी ते राहिले नाहीत; कॅनबेऱ्यातील कुरजाँग हॉटेलातील साधी खोली त्यांना पुरेशी वाटली. बॅथर्स्टचे छोटेसे घर शेवटपर्यंत त्यांचे घर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले, स्नोई पर्वतातील प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचा आरंभ झाला, आणि १९४८ च्या आरंभापासून लवाद न्यायालयाच्या निर्णयानुसार चाळीस तासांचा कामाचा आठवडा लागू झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. तो कायदा मात्र उच्च न्यायालयाने १९४८ मध्ये आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये अमान्य ठरवला.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. इंडोनेशियावर डचांनी पुन्हा सत्ता लादू नये म्हणून १९४५ मध्ये सिडनीच्या गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला, तेव्हा तेथील भारतीय खलाशीही त्यात सामील झाले होते. १९४७ मध्ये हा प्रश्न भारत आणि चिफ्ली यांचे ऑस्ट्रेलिया या दोघांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे नेला. एप्रिल १९४९ मध्ये लंडनच्या ज्या परिषदेत प्रजासत्ताक भारतास राष्ट्रकुलात राहता येईल असा निर्णय झाला, तेथे पंडित नेहरूंसह बसलेल्या पंतप्रधानांत चिफ्ली हेही होते.

५. दिवा आणि सैनिक

१२ जून १९४९ रोजी सिडनी येथे पक्षाच्या प्रांतिक अधिवेशनात त्यांनी केलेले भाषण 'डोंगरावरचा दिवा' या नावाने ओळखले जाते. कामगार चळवळीचे ध्येय कोणाच्या खिशात आणखी काही नाणी टाकणे अथवा कोणाला पंतप्रधान करणे एवढेच नाही. मानवजातीच्या हितासाठी झटणे, आणि ते केवळ आपल्या देशापुरते न राखता जेथे हात पोहोचेल तेथे झटणे, हा त्या भाषणाचा आशय. मत्तय ५ मध्ये डोंगरावर वसलेले नगर आहे, आणि दिवठणीवर ठेवलेला दिवा आहे. 'डोंगरावरचा दिवा' असे शब्द तेथे नाहीत. चिफ्ली यांच्या वाक्प्रयोगात या दोन प्रतिमा एकत्र आलेल्या दिसतात. लहानपणापासून शुभवर्तमान कानावर पडलेल्या मनुष्याच्या तोंडी अशी सरमिसळ सहज येते.

त्यानंतर पंधरवड्यातच, २७ जून रोजी, सुमारे २३,००० कोळसा खाणकामगार संपावर गेले. कामाचे तास कमी करावेत, वेतन वाढवावे, दीर्घ सेवेची रजा मिळावी, या त्यांच्या मागण्या होत्या. संघटनेच्या नेतृत्वावर कम्युनिस्टांचा प्रभाव होता, आणि हा संप लवाद पद्धतीलाच आव्हान आहे असे चिफ्ली यांचे मत झाले. ऐन हिवाळ्यात वीज व गॅस यांची टंचाई झाली, कारखाने बंद पडले, इतर लाखो कामगार घरी बसले. सरकारने संघटनांचा निधी गोठवणारा कायदा केला. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकण्यात आले. १ ऑगस्टला सैनिक खाणींत उतरले व कोळसा काढू लागले. शांततेच्या काळात संप मोडण्यासाठी सैन्य वापरण्याची त्या देशातील ही पहिली वेळ होती. १५ ऑगस्टला संप संपला.

१९१७ च्या संपात ज्याची जागा गेली, त्यानेच १९४९ मध्ये संप मोडला. याचा निवाडा कसा करावा? त्यांच्या बाजूने म्हणता येईल की, ज्या गरीब घरांत चूल पेटत नव्हती, त्यांचाही जीव अडकलेला होता. राज्यकर्त्याला एकाच गटाचा विचार करून चालत नाही. विरुद्ध बाजूने म्हणता येईल की, संघटनेचा पैसा गोठवणे आणि मजुराच्या जागी बंदूकधारी सैनिक उभा करणे ही शस्त्रे एकदा म्यानाबाहेर आली की, ती पुढे कोणाच्या हाती जातील हे सांगता येत नाही. आज कामगार इतिहासाच्या अभ्यासकांत या प्रश्नावर एकमत नाही. माझ्या मते तडजोडीचे दार उघडे ठेवण्याचे सर्व मार्ग संपले होते असे दिसत नाही. आणि स्वतःच्या १९१७ च्या अनुभवातून निघणारा धडा त्यांच्याच सरकारने पुरता गिरवला नाही.

६. वेशीतला परदेशीय

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. चिफ्ली यांच्या सरकारने युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील निर्वासितांना मोठ्या संख्येने आपल्या देशात घेतले. परंतु आशियाई लोकांना दूर ठेवणारे 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण तसेच चालू ठेवले. युद्धकाळात आश्रयास आलेल्या आशियाई लोकांना परत धाडता यावे म्हणून १९४९ मध्ये कायदाही करण्यात आला. स्वस्त मजुरीमुळे आपले वेतन घसरेल, ही कामगार संघटनांची जुनी भीती या धोरणामागे होती, तसाच उघड वंशाभिमानही होता. हे धोरण १९७३ मध्ये पूर्णपणे संपुष्टात आले.

ज्याने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, त्याच्याच सरकारने आशियाई शेजाऱ्याला दारात उभे केले नाही. अनुवादाची आज्ञा भाऊबंद आणि परदेशीय यांना एकाच वाक्यात उभे करते. येथे त्या वाक्याचा अर्धा भाग गळून पडला. आपणही सावध असावे. आपल्या शहरांत परप्रांतांतून आलेला बांधकाम मजूर, ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेले कुटुंब, यांना आपण कोणत्या अर्ध्यात बसवतो?

७. शेवटचा लढा

१० डिसेंबर १९४९ च्या निवडणुकीत चिफ्ली पराभूत झाले. नवे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांनी १९५० मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणारे विधेयक आणले. एखाद्यास कम्युनिस्ट म्हणून घोषित केल्यावर आपण तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडणार होता. पुष्कळ कॅथोलिकांना हे विधेयक हवे होते. चिफ्ली यांच्या पक्षातील कॅथोलिक सभासदांवरही मोठे दडपण होते. ज्यांच्याशी चिफ्ली वर्षभरापूर्वीच झुंजले होते, त्या कम्युनिस्टांविषयी त्यांना प्रेम नव्हते. तरीही आरोपीवर निर्दोषत्वाचा भार टाकणे त्यांना अन्याय्य वाटले व त्यांनी विरोध केला. योहान ७ मध्ये नीकदेमाने हाच मुद्दा परूश्यांपुढे मांडला होता : मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून त्याला दोषी ठरवावे काय?

त्यांच्या पक्षाने अखेर माघार घेतली आणि कायदा संमत झाला. मार्च १९५१ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याच वर्षी १३ जूनच्या रात्री, कॅनबेऱ्यात संसदेच्या सुवर्णमहोत्सवाचा सोहळा चालू असताना, चिफ्ली यांना हृदयविकाराचा झटका आला व त्यांचे निधन झाले. ते त्या सोहळ्यास गेले नव्हते. मेन्झीस यांनी भरल्या गळ्याने ही वार्ता सांगितली आणि समारंभ थांबला. बॅथर्स्टच्या कॅथोलिक महामंदिरात त्यांची अंत्यविधीची उपासना झाली. जो मनुष्य इतकी वर्षे मागच्या बाकावर बसला, त्याची शवपेटी वेदीसमोर ठेवण्यात आली. बंदीसाठी राज्यघटना बदलावी काय, यावरील सार्वमत २२ सप्टेंबर १९५१ रोजी, म्हणजे त्यांच्याच जन्मदिनी, झाले. जनतेने थोड्या मतांनी ती सूचना फेटाळली.

८. धडा

पवित्र शास्त्र आपल्या थोर माणसांचे दोष झाकत नाही. दावीदाचे स्तोत्र आणि दावीदाचे पाप ही दोन्ही आपल्यासमोर आहेत. चिफ्ली यांचे जीवनही आपण तसेच वाचावे. मजुराचा जीव मजुरीत अडकलेला असतो हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले, आणि सत्ता आल्यावर कामाचा हक्क राष्ट्राच्या धोरणात आणला. सत्तेने त्यांचे घर बदलले नाही, राहणी बदलली नाही. परंतु सत्तेच्या खुर्चीवरून संपकरी मजूर लहान दिसतो, आणि परका मजूर मुळीच दिसत नाही, हा धोका त्यांच्यासारख्या प्रामाणिक मनुष्यालाही टळला नाही. याकोब सांगतो की, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो. तो आवाज प्रथम आपल्या कानी पडावा, हे दिवा हाती घेणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरी, मंडळीत अथवा संस्थेत काम करणाऱ्यांचे वेतन वेळेवर व पुरेसे दिले जाते काय? ते कोण तपासतो?

२. १९४९ च्या संपात आपण पंतप्रधान असता तर काय केले असते? आणि खाणकामगार असता तर?

३. ज्याचे विचार आपल्याला मान्य नाहीत, त्यालाही न्याय मिळावा म्हणून आपण कधी बोललो आहोत काय?

४. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर कोण बसते, आणि का?